शल्यचिकित्सा कोणासाठी?

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाला अर्थशास्त्र शिकविताना आरंभीच 'मागणी' या संज्ञेची व्याख्या फळ्यावर लिहावी लागते. इच्छा, ऐपत आणि खर्च करण्याची तयारी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच मागणी निर्माण होते. नुसती गरज म्हणजे मागणी नव्हे. विद्यार्थी ही व्याख्या मुकाट्याने वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु या दोन ओळींमुळे किती माणसांचे दुःख बाजाराच्या हिशेबाबाहेर राहते, याचा विचार शिकविणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्याही मनात सहसा येत नाही. तो विचार ज्या प्रसंगाने माझ्या मनात आला, तो येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. लेखी उत्तरे वर्गात सर्वांत चांगली. पण तोंडी प्रश्न विचारला की ती उभी राहून खाली पाहत असे. जन्मतः तिचा ओठ आणि टाळू दुभंगलेली होती. ओठ पुढे केव्हातरी शिवला गेला होता. टाळूवरची शस्त्रक्रिया मात्र फार उशिरा झाली, आणि तोवर बोलण्याची वळणे पक्की होऊन गेली होती. शब्द नाकातून येत. पदवीनंतर ती नोकरीच्या एका लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाली आणि मुलाखतीला गेलीच नाही. "सर, ते मला बोलायलाच लावणार ना," एवढेच ती म्हणाली. तिचे वडील किहीमच्या एका बंगल्याची राखण करीत. मुलीवर उपचार का केले नाहीत, असे त्यांना विचारण्याचा मला धीर झाला नाही. पण त्यांनी आपण होऊनच सांगितले, की हे लहानपणीच दुरुस्त होते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

ज्यांना किहीम ठाऊक आहे त्यांना या वाक्यातील विसंगती जाणवेल. अलिबागच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरवरचे हे गाव मुंबईपासून समुद्रमार्गे हाकेच्या अंतरावर आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या जागी आज येथे बंगले उभे आहेत आणि शनिवार-रविवारी मांडव्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्या मोटारींची रांग चोंढीच्या नाक्यापर्यंत येते. त्या पलीकडच्या किनाऱ्यावर देशातील अतिशय नामवंत प्लॅस्टिक सर्जन आहेत. नाकाचा आकार सुधारून घेणे, पापण्यांची सूज काढणे, पोटावरची चरबी उतरविणे या शस्त्रक्रियांना तेथे मागणी आहे; कारण तेथे इच्छा आहे, ऐपत आहे आणि तयारीही आहे. ज्या विद्येने हे होते त्याच विद्येने दुभंगलेला ओठ सांधला जातो. तोच चाकू, तोच टाका, तीच भूल. फरक एवढाच, की एका रुग्णाची गरज बाजाराला दिसते आणि दुसऱ्याची दिसत नाही.

या विद्येला 'सौंदर्याची शस्त्रक्रिया' म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे सवय आहे. तिचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. आधुनिक जगाला नाकाच्या पुनर्रचनेची ओळख झाली ती पुण्यामुळे. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव 'कावसजी' असे आले आहे. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून वावरला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी मेणाच्या नमुन्याबरहुकूम आखून घेतली, भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून ती खाली वळविली आणि तिचे नाक घडविले. दोन इंग्रज वैद्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचा वृत्तान्त छापून आला, आणि तो वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तीच क्रिया यशस्वी करून दाखविली. सुश्रुतसंहितेचा अभिमान आपण बाळगतो व तो रास्तही आहे. पण त्या वृत्तान्तात रुग्णाचे नाव आहे आणि ज्याच्या हातांनी नाक घडले त्या कारागिराचे नाही, ही गोष्ट आपल्या अभिमानाला फारशी टोचत नाही.

त्या गाडीवानाला नाक हवे होते ते सुंदर दिसण्यासाठी नव्हे, तर चार माणसांत पुन्हा मिसळता यावे म्हणून. पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीज यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांचे छिन्नविच्छिन्न चेहरे पुन्हा घडविले तेही याचसाठी. तेव्हा कोणी त्या खर्चाला चैन म्हटले नाही. युद्धात विद्रूप झालेल्या चेहऱ्याचा खर्च सरकारी खजिन्यातून होतो, आणि जन्मतः विद्रूप आलेल्या चेहऱ्याचा खर्च आईबापांच्या कपाळी लिहिलेला असतो, हा भेद शास्त्राने केलेला नाही. तो आपण केलेला आहे.

दुभंगलेला ओठ ही काही विरळा व्याधी नव्हे. साधारणतः ७०० ते १,००० जन्मांमागे एका बालकाला ती असते. गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात ओठाचे भाग आणि त्यानंतर काही आठवड्यांत टाळूचे भाग एकमेकांना जोडले जावयाचे असतात; ते जोडले न गेल्याने हा दोष राहतो. आनुवंशिकता, आईच्या आहारातील उणिवा, काही औषधे, धूम्रपान अशी अनेक कारणे त्यामागे संभवतात. आपल्या गावांत मात्र एकच कारण सांगितले जाते : पोटुशी बाई ग्रहणात विळीवर बसली. म्हणजे दोष मुलाच्या ओठात आणि अपराध आईच्या माथी! मग ती आई मुलाला पदराखाली झाकून ठेवते, जत्रेला नेत नाही, दवाखान्यातही नेत नाही. अज्ञान हा मागणीचा पहिला शत्रू आहे. ज्यावर उपाय आहे हेच ठाऊक नाही, त्याची मागणी कोण करणार?

आणि येथे वेळेला फार मोल आहे. ओठावरची शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे तिसऱ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत आणि टाळूवरची मूल बोलू लागण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण नवव्या ते अठराव्या महिन्यांच्या दरम्यान व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. शल्यचिकित्सकांत एक जुना आडाखा आहे : बालक १० आठवड्यांचे असावे, वजन १० पौंड असावे आणि रक्तातील हिमोग्लोबिन १० ग्रॅम असावे. हा आडाखा वरवर शल्यगृहातला दिसतो. वस्तुतः तो स्वयंपाकघरातला आहे. टाळू दुभंगलेले मूल अंगावर नीट पिऊ शकत नाही. त्याला वाटीचमच्याने कसे पाजावे हे आईला कोणी दाखविले नाही, तर ते दहा पौंडांचे होतच नाही. मग सर्जन म्हणतो, "वजन वाढल्यावर आणा." वजन वाढत नाही, तारीख लांबते, आणि एके दिवशी ते मूल शाळेत जाऊन बसते. माझ्या विद्यार्थिनीची मुलाखत अशी सतरा-अठरा वर्षे आधीच हातची गेली होती.

हीच गोष्ट एका भारतीय सर्जनने पन्नास वर्षांपूर्वी ओळखली होती, आणि तीही किहीमपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या मांडव्याच्या परिसरात, हे आपल्या भागातील फार थोड्यांना आठवते. डॉ. नोशीर अंतिया हे गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारणारे शल्यविशारद. कुष्ठरोगाने वाकलेली बोटे, बसलेले नाक, न मिटणाऱ्या पापण्या दुरुस्त करणे हे त्यांच्या कार्याचे एक मोठे अंग होते. कुष्ठरोगात बोटे 'झडतात' असा समज होता. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की रोग नसांवर आघात करतो, स्पर्शज्ञान जाते, आणि चटका किंवा जखम झाल्याचे न कळल्याने हाताचा नाश होतो. नस निकामी झाली की बोटे पक्ष्याच्या नखांसारखी आत वळतात. चांगल्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याची दोरी, बोटांकडे वळवून सर्जन ती पुन्हा सरळ करू शकतो. ज्याला कप धरता येत नव्हता त्याला विळा धरता येतो. यास सौंदर्याची शस्त्रक्रिया कोण म्हणेल?

परंतु अंतियांनी आपल्याच विद्येला एक अवघड प्रश्न विचारला. मी एक हात सरळ करतो तोवर गावात किती हात वाकत असतील? त्वचेवरचा बधिर चट्टा वेळीच ओळखला आणि औषध सुरू केले, तर हात वाकत नाही आणि माझी गरजच पडत नाही. मग तो चट्टा ओळखणारे माणूस गावात का असू नये? या विचारातून १९७३ साली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात मांडवा प्रकल्प सुरू झाला. सुमारे ३० गावे, सुमारे ३०,००० लोकवस्ती, आणि आरोग्यसेविका म्हणून गावातल्याच अल्पशिक्षित बायका. कुष्ठरोग, क्षय, बाळंतपण, लहान मुलांचे आजार यांची प्राथमिक कामे या बायका समजून-उमजून आणि अतिशय कमी खर्चात करू शकतात, हे तेथे सिद्ध झाले. सुमारे दहा वर्षांनी तो प्रकल्प बंद पडला. त्याचे कारण बायका अपुऱ्या ठरल्या हे नव्हे; गावच्या बायका शहाण्या होणे स्थानिक हितसंबंधांना परवडले नाही, हे होते. अंतियांना पुढे १९९० साली पद्मश्री मिळाली व २००७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्याचा धडा मला असा दिसतो : उत्तम सर्जनचा हात गावापर्यंत पोचावयाचा, तर त्याच्या आधी तेथे एका जाणत्या बाईचे पाऊल पोचले पाहिजे.

गेल्या वीस वर्षांत शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २००५ पासून गावोगाव 'आशा' कार्यकर्त्या आल्या. त्यांच्यात मांडव्याच्या त्या बायकांचीच पुढची पिढी दिसते. २०१२ साली महाराष्ट्रात गरीब कुटुंबांसाठी शस्त्रक्रियांचा खर्च देणारी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते, आणि प्लॅस्टिक सर्जरी व भाजलेल्यांवरील उपचार यांचा तिच्यात समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाला. अंगणवाडीत व शाळेत मुले तपासून जन्मजात दोष शोधण्याचे काम त्याकडे आहे आणि दुभंगलेला ओठ त्याच्या यादीत आहे. कुष्ठरोगाची औषधे विनामूल्य मिळतात. मग अडते कोठे?

अडते ते बिलात न दिसणाऱ्या खर्चापाशी. अर्थशास्त्रात ज्याला संधिव्यय म्हणतात, म्हणजे एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते तिची किंमत, ती कोणतीही योजना भरून देत नाही. किहीमच्या एका मजूर जोडप्याला मूल घेऊन मुंबईला जावयाचे आहे असे समजा. तपासणीला एक खेप, रक्ताच्या अहवालाला दुसरी, भरती होण्यास तिसरी, टाके पाहण्यास चौथी. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद. मग पेण-पनवेलचा रस्ता. प्रत्येक खेपेला दोघांची मजुरी बुडते, घरी राहिलेल्या मुलाला शेजारणीच्या स्वाधीन करावे लागते, आणि मुंबईत रात्र काढावयास जागा लागते. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी वाहून आणणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली ही आनंदाचीच गोष्ट. पण ती ज्यांच्या सोयीसाठी आहे त्यांत हे जोडपे क्वचितच असते. शस्त्रक्रिया फुकट असूनही महाग पडते ती अशी. शासनाला हे कळत नाही असेही नाही. कुष्ठरुग्णावर पुनर्रचनेची शस्त्रक्रिया झाली, तर बुडालेल्या मजुरीपोटी त्यास रोख साह्य देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. मग वाकलेल्या हाताला जे तत्त्व लागू पडते ते दुभंगलेल्या ओठाला आणि भाजून आखडलेल्या मानेला का लागू पडू नये?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेणारे केवळ कंजूष नसतात. ज्या जिल्ह्यातील आदिवासी वाड्यांवर बालके अजून कुपोषित आहेत, तेथे चेहऱ्यावर खर्च करणे हा अग्रक्रमाचा विपर्यास नव्हे काय? प्रश्न रास्त आहे; पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे, की या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या आहेत. वस्तुतः तसे नाही. मुलाचे वजन दहा पौंड व्हावे म्हणून जी अंगणवाडी लागते तीच कुपोषणासाठी लागते. बधिर चट्टा पाहणारी आशा हीच गरोदर स्त्रीला लोहाच्या गोळ्या देते. शिवाय ओठाची शस्त्रक्रिया तास-दीड तासाची. तिला अवजड यंत्रे लागत नाहीत. आणि तिचा लाभ मनुष्याला पुढे साठ-सत्तर वर्षे मिळत राहतो. सार्वजनिक खर्चाचा इतका चांगला परतावा देणारी उदाहरणे माझ्या विषयात फार नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की हे काम उदार माणसे करीतच आहेत. होय, करीत आहेत. पंढरपूरला जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित वर्षानुवर्षे भारतात येऊन फाटलेल्या ओठांवर आणि मिटलेल्या पापण्यांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करीत राहिले. अपघाताने शरीर अधू झाले, स्वरयंत्राचा कर्करोग झाला, तरी त्यांनी शिबिरे थांबविली नाहीत. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ साली ते गेले. अशा माणसापुढे मान आपोआप लवते. पण शिबिर वर्षातून एकदा येते आणि मूल कोणत्याही दिवशी जन्माला येते. शिबिरातला सर्जन ओठ शिवून जातो. टाळूसाठी पुन्हा कोणी यावे लागते, आणि त्यापुढे बोलण्याचा सराव करून घेणारा वाचोपचारतज्ज्ञ महिनोन्‌महिने लागतो. एखाद्या थोर माणसाच्या दयाबुद्धीवर समाजाने आपले कर्तव्य सोपवून मोकळे व्हावे, हे त्या थोर माणसालाही मानवले नसते.

तेव्हा करावयास काय हवे? प्रस्तुत लेखक वैद्य नाही. पण हिशेब मांडणे हा त्याचा व्यवसाय आहे, आणि हा हिशेब फार मोठा नाही. पहिली गोष्ट, जन्मजात दोष असलेल्या प्रत्येक बालकाची नोंद जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच व्हावी आणि त्याच वेळी आईच्या हाती पुढच्या तारखांचा कागद पडावा. दुसरी, जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे अलिबागला, महिन्यातील एक ठरलेला दिवस प्लॅस्टिक सर्जनचा असावा. पालक मुंबईला चार खेपा घालतात त्याऐवजी सर्जनने एक खेप अलिबागला घालावी, हे कोणत्याही हिशेबाने स्वस्तच पडेल. तिसरी, बुडालेल्या मजुरीची भरपाई या बालकांच्या पालकांनाही मिळावी. चौथी, आशा कार्यकर्तीला 'मानसेवी' म्हणून राबविणे थांबवून तिच्या कामाला नियमित वेतन द्यावे. ज्या साखळीची पहिली कडीच मोबदल्यासाठी मोर्चे काढत फिरते, ती साखळी शल्यगृहापर्यंत पोचेल अशी आशा कशी करावी?

आणि या पानाच्या वाचकांत जे शिक्षक आहेत त्यांना एक विनंती. वर्गात जे मूल बोलत नाही ते मठ्ठ आहे असे ठरविण्यापूर्वी त्याचे तोंड एकदा पाहा. टाळू दुभंगलेल्या मुलांना कानाचे विकार होऊन कमी ऐकू येते. ते मागच्या बाकावर बसले असेल तर पुढे बसवा. ज्याला गरम चहाच्या पेल्याचा चटका कळत नाही, ज्याच्या दंडावर फिकट डाग आहे, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. जे कचेरीत दाखल्यांची कामे पाहतात त्यांनी, अशा मुलाचा कागद टेबलावर आला तर तो चार दिवस आधी हलवावा. यांत पैसा लागत नाही.

माझी ती विद्यार्थिनी आज घरी मुलांच्या शिकवण्या घेते. मुले तिच्या बोलण्याला हसत नाहीत. त्यांना ते सवयीचे झाले आहे. ती उत्तम शिकविते असे ऐकतो. पण तिला लेखी परीक्षेत जे मिळाले होते ते हे नव्हे. एका शस्त्रक्रियेला उशीर झाला याची किंमत तिने भरली, आणि देशाच्या कोणत्याही जमाखर्चात ती लिहिली गेली नाही. पुढच्या वर्षी फळ्यावर 'मागणी'ची व्याख्या लिहिताना मी विद्यार्थ्यांना आणखी एक ओळ लिहून घ्यावयास सांगणार आहे : जेथे गरज आहे आणि ऐपत नाही, तेथे बाजार थांबतो, तेथून पुढे समाजाचे काम सुरू होते. परीक्षेत या ओळीला गुण नसतील, पण विद्यार्थ्यांनी ती लक्षात ठेवावी अशी माझी इच्छा आहे.